दप्तराशेजारची हर्ली

डब्लिनच्या क्रोक पार्कवर जुलै महिन्यात हर्लिंग या आयरिश खेळाच्या ऑल-आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना असतो, तेव्हा ८२,३०० प्रेक्षकांचे ते स्टेडियम खच्चून भरते. तिकिटासाठी आधी कितीतरी दिवस ओळखीपाळखी काढून झालेल्या असतात. मध्यंतराची शिट्टी होते, घामाघूम झालेले खेळाडू आत जातात आणि लगेच दुसरी फौज मैदानावर धावत येते. ही असतात दहा-बारा वर्षांची, प्राथमिक शाळेतली मुले आणि मुली. मोठ्यांच्या त्याच हिरवळीवर आखलेल्या छोट्या मैदानात त्यांचा काही मिनिटांचा सामना होतो. कुणी गोल केला तर हजारो माणसे टाळ्या वाजवतात. गॅलरीत कुठेतरी त्या मुलाचे शिक्षक बसलेले असतात. त्याला काठी धरायला त्यांनीच शिकवलेले असते.

मध्यंतराचा हा मान मुलांना उगाच दिलेला नाही. क्रोक पार्कवर खेळणाऱ्या बहुतेक प्रौढ खेळाडूंची सुरुवात अशाच एखाद्या शाळेच्या मैदानावर झालेली असते. या खेळात पगारी खेळाडू नाहीत. अंतिम सामना जिंकणारा कर्णधारही आठवड्याभरात आपल्या बँकेत, शेतावर, नाहीतर वर्गात कामाला हजर होतो. पैशाचे आमिष नसलेला खेळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा, याचे उत्तर शोधायचे तर स्टेडियम सोडून प्राथमिक शाळेत जावे लागते.

आधी खेळांची ओळख करून घेऊ. गेलिक खेळांत मुख्य दोन, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. मुली आणि स्त्रिया हर्लिंग खेळतात तेव्हा त्याला कमोगी म्हणतात. भिंतीवर हाताने चेंडू मारण्याचा हँडबॉल आणि राउंडर्स हेही याच कुटुंबातले. हर्लिंगची काठी म्हणजे हर्ली. ती अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची असते आणि तिचे टोक हॉकी स्टिकपेक्षा रुंद आणि चपटे असते. चेंडूला स्लिटर म्हणतात. त्याच्या आत बूच, वर चामडे आणि चामड्याच्या उंच उठलेल्या शिवणी, वजन ११० ते १२० ग्रॅम. हा चेंडू जमिनीवरून मारता येतो, हवेत मारता येतो, हातात झेलता येतो आणि हर्लीच्या पात्यावर तोलून धरत धावताही येते. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात घ्यायची मुभा आहे, पण चार पावलांनंतर तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या चवड्याने उडवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. लागोपाठ दोनदा आपटलेला चालत नाही.

दोन्ही खेळांत गोलखांब रग्बीसारखे उंच असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. म्हणून धावफलकावर गुणसंख्या २-१४ अशी दिसते, म्हणजे दोन गोल आणि चौदा गुण, एकूण वीस. दुसरी-तिसरीतले मूल सामना बघता बघता तीनचा पाढा पक्का करते. २०२५ पासून पुरुषांच्या गेलिक फुटबॉलमध्ये ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला दोन गुण मिळू लागले, त्यामुळे हिशेब थोडा वाढला आहे.

हर्लिंग फार जुने. १३६६ सालच्या किलकेनीच्या कायद्यांनी आयर्लंडमधल्या इंग्रज वसाहतवाल्यांना हा खेळ खेळायला मनाई केली होती. १५२७ मध्ये गॉलवे शहरानेही त्यावर बंदी घातली. बंदी घालावी लागते, याचा अर्थ लोक तो आवडीने खेळत होते. पण १८४५ नंतरच्या महादुष्काळात लाखो माणसे मेली, लाखो देश सोडून गेली आणि खेड्याखेड्यांतले सामने ओस पडले. १८३१ पासून सुरू झालेल्या नॅशनल स्कूलमध्ये इंग्रजी वाचन-लेखन होते, हिशेब होता. आयरिश भाषेला आणि आयरिश खेळांना तिथे कित्येक दशके जागाच नव्हती.

हे चित्र बदलायला निघालेला माणूस शिक्षकच होता. मायकल क्युसॅकचा जन्म १८४७ चा, क्लेअर काउंटीतल्या कॅरन गावचा. त्याने शिक्षकी पेशात वर्षे काढली आणि पुढे डब्लिनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारी स्वतःची अकादमी चालवली. ऑक्टोबर १८८४ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून आयरिश खेळ आयरिश माणसांनी आपल्या हातात घ्यावेत, असे आवाहन केले. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्लिस गावी हेझ हॉटेलात बोटांवर मोजण्याइतकी माणसे जमली आणि गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच जीएए, स्थापन झाली. मॉरिस डॅव्हिन पहिले अध्यक्ष, आर्चबिशप क्रोक पहिले आश्रयदाते. आजच्या स्टेडियमला याच आर्चबिशपांचे नाव आहे.

संघटना वाढली ती पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, आधाराने. एका पॅरिशचा साधारणपणे एक क्लब. त्याच पॅरिशची एक प्राथमिक शाळा. आजही आयर्लंडमधल्या तीन हजारांहून अधिक प्राथमिक शाळांपैकी बहुसंख्य शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. शाळेतला संघ आणि गावचा क्लब यांत त्यामुळे तीच मुले, तेच पालक आणि बरेचदा तेच शिक्षक दिसतात. दुपारी शाळेच्या जर्सीत खेळलेली मुलगी संध्याकाळी क्लबच्या जर्सीत सरावाला येते. क्लबमधून निवड होऊन काउंटीचा संघ बनतो. खरेदी-विक्री, लिलाव असे काही मध्ये येत नाही. जिथे वाढलात, सहसा तिथूनच खेळता.

डब्लिनमधल्या शिक्षकांनी १९२८ मध्ये प्राथमिक शाळांच्या सामन्यांसाठी एक मंडळ काढले. पुढे १९७१ मध्ये देशपातळीवरची संघटना उभी राहिली. तिचे आयरिश नाव कुमन न मुनस्कोल, प्राथमिक शाळांचे मंडळ. तिचे काम बहुतेक सगळे शिक्षकच बघतात. वेळापत्रक, पंचगिरी, मैदान मिळवणे, बस ठरवणे, पावसाने रद्द झालेला सामना पुन्हा लावणे हे सगळे शाळा सुटल्यावर होते. त्याचा वेगळा पगार नाही. आयरिश प्राथमिक शाळेत खेळाला स्वतंत्र शिक्षक सहसा नसतो. वर्गशिक्षकच गणित शिकवतो, आयरिश शिकवतो आणि मग शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात उतरतो.

अभ्यासक्रमाने खेळाला दिलेला वेळ मात्र तुटपुंजा राहत आला आहे. १९९९ च्या प्राथमिक अभ्यासक्रमाने शारीरिक शिक्षणाला आठवड्यातला एक तास सुचवला. त्यात अॅथलेटिक्स, नृत्य, जिम्नॅस्टिक्स, खेळ, बाहेरच्या भटकंतीचे उपक्रम आणि पोहणे असे सहा भाग बसवायचे. कित्येक शाळांना बंदिस्त सभागृह नाही आणि आयर्लंडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. एका तासात हर्लिंग शिकवून होत नाही. जे शिकवले जाते ते मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर आणि शिक्षकाच्या हौसेवर.

ते शिकवणे कसे चालते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. आयर्लंडमधली प्राथमिक शाळा आठ वर्षांची. चार-पाच वर्षांचे मूल ज्युनियर इन्फंट्सच्या वर्गात बसते, मग सीनियर इन्फंट्स, मग पहिली ते सहावी. सर्वांत लहानांच्या हातात काठी लगेच देत नाहीत. आधी फेकणे, झेलणे, उडी मारणे, एका पायावर तोल सांभाळणे. पुढे प्लॅस्टिकची हलकी हर्ली आणि मऊ चेंडू. लाकडी हर्ली हाती येते तेव्हा तिची लांबी इंचांत मोजतात. मूल ताठ उभे राहिले की काठीचा शेंडा कमरेच्या हाडाच्या वर जाता कामा नये. वाढत्या अंगाची सोय म्हणून मोठी काठी घेतली की मूल पकड चुकवते, आणि एकदा बसलेली चुकीची पकड सोडवायला वर्ष जाते. म्हणून शिक्षक पालकांना सांगतात, काठी आजच्या मापाची घ्या.

मग पकड. जो हात जोराचा तो वर, दुसरा खाली. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा उजवा हात वर. चेंडू मारताना दोन्ही हात जवळ येतात, नंतर खालचा हात सुटतो आणि चेंडू झेलायला मोकळा होतो. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलायची हर्लिंगमध्ये परवानगी नाही. गुडघे वाकवून, पुढे झुकून, हर्लीचे पाते चेंडूखाली झटकन सरकवायचे आणि वर उडालेला चेंडू मोकळ्या हातात घ्यायचा. याला जॅब लिफ्ट म्हणतात. जमले की वाटते किती सोपे, पण तिसरी-चौथीतली मुले याच एका गोष्टीवर आठवडेच्या आठवडे घालवतात. चेंडू पायाला लागून निसटतो, पाते मातीत रुतते, कुणीतरी चेंडू इतका वर उडवतो की झेलणे राहून जाते. आणि मग एका दुपारी तो थेट तळहातात येऊन बसतो. त्या क्षणी मुलाचा चेहरा पाहणारा शिक्षक पुढच्या वर्षीही संघ घ्यायला तयार होतो.

एक धडा मुलांना सुरुवातीला उलटा वाटतो. समोरचा खेळाडू काठी उगारतो तेव्हा मागे सरकण्याची उपजत बुद्धी होते. हर्लिंगमध्ये शिकवतात की जवळ जा. काठीच्या फटक्याचा जोर टोकाशी असतो. अंगाजवळ गेलेल्याला फटका लागत नाही, हातभर अंतरावर थबकलेल्याला लागतो. अडवायला गेलात तर पूर्ण जा, नाहीतर जाऊच नका. डोक्यावर जाळीदार हेल्मेट मात्र हवेच. १ जानेवारी २०१० पासून ते सर्वच वयोगटांतल्या हर्लिंगपटूंना सक्तीचे आहे, लहान मुलांना त्याच्याही आधीपासून होते. गेलिक फुटबॉलमध्ये दातांच्या बचावासाठी माउथगार्ड २०१३ मध्ये आधी कुमार गटांना आणि पुढच्या वर्षी सर्वांना सक्तीचा झाला.

खेळाबरोबर एक गोष्टही मुलांच्या पदरात पडते. अल्स्टरच्या जुन्या आख्यानांतला सेतांता हा मुलगा काठी आणि चेंडू घेऊन राजा कॉनरच्या राजधानीकडे एकटाच निघतो. वाटेत चेंडू दूर मारायचा, काठी त्यामागून फेकायची आणि दोन्ही खाली पडायच्या आत धावत जाऊन गाठायची, असा त्याचा प्रवास. पुढे कुलन लोहाराच्या घरी त्याच्यावर भयंकर शिकारी कुत्रा चालून येतो, तेव्हा सेतांता चेंडूच्या एकाच फटक्याने त्याला ठार करतो. आणि लोहाराचा राखणदार आपल्यामुळे गेला म्हणून कुत्र्याच्या जागी स्वतः पहारा द्यायला तयार होतो. तिथून त्याचे नाव पडते कू खुलन, म्हणजे कुलनचा कुत्रा. ही कथा आयरिश प्राथमिक शाळेत शिकवली जाते. लाउथ काउंटीतल्या कूली डोंगरांत १९६० च्या दशकापासून पोक फादा नावाची स्पर्धा होते. डोंगरातला ठरलेला मार्ग कमीत कमी फटक्यांत चेंडू मारत पार करायचा. तिचे मूळ याच कथेत आहे. पुस्तकातला धडा आणि दप्तराशेजारी टेकवलेली हर्ली एकमेकांना इतक्या जवळून भेटतात, हे भाग्य सगळ्याच देशांतल्या मुलांना लाभत नाही.

शिक्षक आणि खेळ यांचे नाते समजायला किलकेनीचे ब्रायन कोडी यांचे उदाहरण पुरेसे आहे. १९९८ ते २०२२ अशी चोवीस वर्षे ते किलकेनीच्या हर्लिंग संघाचे व्यवस्थापक होते आणि त्या काळात काउंटीने अकरा ऑल-आयर्लंड विजेतेपदे मिळवली. त्यातली चार लागोपाठ, २००६ ते २००९. असे यश मिळवणारा माणूस दुसऱ्या देशात कोट्यधीश झाला असता. कोडी किलकेनी शहरातल्या सेंट पॅट्रिक्स डी ला साल या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि तिथेच मुख्याध्यापक झाले. रविवारी हजारो प्रेक्षकांसमोर संघ उभा करायचा आणि सोमवारी शाळेची हजेरी बघायची.

खेळाडूंमध्येही शिक्षक बरेच. २०१५ ते २०२० असे लागोपाठ सहा वेळा ऑल-आयर्लंड फुटबॉल जिंकणाऱ्या डब्लिन संघातला किआरन किल्केनी हा प्राथमिक शिक्षक. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा करार त्याच्या हाती होता. तो सोडून २०१३ मध्ये तो घरी परतला. आपल्या वर्गातले सर टीव्हीवर खेळताना बघणे म्हणजे काय, हे त्या वर्गातल्या मुलांनाच विचारावे. काउंटीने अजिंक्यपद मिळवले की खेळाडू करंडक घेऊन शाळाशाळांतून फिरतात. लियम मॅकार्थी करंडक हर्लिंगचा, सॅम मॅग्वायर करंडक फुटबॉलचा. मुले त्याला हात लावतात, फोटो काढतात, गाणी म्हणतात. त्या दिवशी गृहपाठाला सुट्टी मागायची, हा पाहुण्या कर्णधाराचा जणू हक्कच झाला आहे, आणि मुख्याध्यापक तो सहसा नाकारत नाहीत.

डब्लिनमधल्या शाळांची स्वप्ने तर क्रोक पार्कपर्यंत थेट पोहोचतात. कुमन न मुनस्कोलच्या स्पर्धांचे अंतिम सामने तिथे खेळवले जातात. शाळाच्या शाळा बसने येतात. हाताने रंगवलेले फलक, घसे फाटेपर्यंत आरोळ्या. ज्या कपडे बदलण्याच्या खोलीत काउंटीचे नामवंत बसतात, तिथे सहावीतली पोरे बुटांच्या नाड्या बांधतात. पुढे आयुष्यात पुन्हा काठी हातात धरली नाही तरी त्या दिवसाची आठवण राहते.

पण जिंकणे-हरणे या वयात किती असावे, यावर आयर्लंडमध्ये मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. जीएएने बारा वर्षांखालच्या मुलांसाठी 'गो गेम्स' ही पद्धत आणली. मैदान लहान, संघ लहान, चेंडू हलका आणि आलेल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळालेच पाहिजे, हा नियम. करंडक नाही, गुणतक्ता नाही. पूर्वी पंधरा जणांच्या संघात लहानखुरे मूल कोपऱ्यात उभे राहून थंडीने कुडकुडत असे आणि तासाभरात चेंडूला दोनदासुद्धा हात लागत नसे. सात किंवा नऊ जणांच्या खेळात चेंडू चुकवायला जागाच नाही. दुसरीकडे शाळांच्या स्पर्धांत पाचवी-सहावीच्या मुलांना अंतिम सामना आहे, करंडक आहे. बरीच मुले त्यासाठीच जीव टाकून सराव करतात. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्हींना जागा असावी, पण क्रम हाच असावा. आधी प्रत्येकाला चेंडू, मग करंडक. दहाव्या वर्षी राखीव बाकावर बसवलेले मूल चौदाव्या वर्षी खेळ सोडते, आणि त्यातले कोण पुढे चांगला खेळाडू होणार होते, हे कधीच कळत नाही.

मुलींची गोष्ट वेगळी सांगायला हवी. कमोगीची संघटना १९०४ ची. महिलांच्या गेलिक फुटबॉलची १९७४ ची, तीही थर्लिसच्या त्याच हेझ हॉटेलात स्थापन झालेली. म्हणजे जीएए धरून तिन्ही संघटना आजवर स्वतंत्र आहेत. २०२७ पर्यंत त्या एकत्र याव्यात म्हणून माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. शाळेच्या मैदानात मात्र मुले-मुली खालच्या वर्गांपासून एकत्रच खेळतात, आणि अंगात चापल्य असलेली चौथीतली मुलगी मुलांना सहज मागे टाकते. २०१९ मध्ये महिलांच्या फुटबॉलचा अंतिम सामना पाहायला क्रोक पार्कवर ५६,११४ प्रेक्षक होते. तरीही कमोगी खेळणाऱ्या मुलींना अर्ध्या चड्डीऐवजी स्कॉर्ट, म्हणजे वरून स्कर्ट आणि आतून चड्डी असलेला पोशाख, घालण्याची सक्ती मे २०२५ पर्यंत होती. खेळाडूंनी उघड विरोध केला, विशेष अधिवेशन भरले आणि प्रचंड बहुमताने ही सक्ती गेली. ती फार आधी जायला हवी होती.

आणि काठीचे काय? हर्लीसाठी अॅशच्या खोडाचा जमिनीलगतचा, मुळाकडे वळणारा भाग लागतो. तिथे लाकडाच्या रेषा नैसर्गिकरीत्या वाकलेल्या असतात. त्या वळणामुळेच पात्याचा बाक चिवट राहतो आणि काठी फटक्याने फुटत नाही. २०१२ मध्ये लीट्रिम काउंटीत अॅश डायबॅक या बुरशीजन्य रोगाची पहिली नोंद झाली आणि तो देशभर पसरला. हर्लीसाठीचे बहुतांश लाकूड आता परदेशातून येते. बांबूच्या आणि कृत्रिम पदार्थांच्या हर्ली बाजारात आल्या आहेत, खेळाडू त्या वापरूही लागले आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंग आणि कमोगीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. वारसा यादीत आला, त्याचे झाड मात्र जंगलात वाळते आहे.

बदललेल्या आयर्लंडचे दर्शनही सर्वांत आधी शाळेच्या मैदानातच होते. एके काळी जीएए परक्या खेळांबाबत कडवी होती. सदस्याने रग्बी, सॉकर, क्रिकेट वा हॉकी खेळणे किंवा बघणेही मना होते. १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड सॉकरचा सामना बघायला गेले, म्हणून त्यांचे आश्रयदातेपद काढून घेतले गेले. ही बंदी १९७१ मध्ये उठली. आज तीच मुले मधल्या सुट्टीत सॉकर खेळतात, शाळा सुटल्यावर हर्लिंग आणि शनिवारी टॅग रग्बी.

मैदानावरचे चेहरेही बदलले आहेत. हर्लिंगपटू झॅक मोरादीचा जन्म इराकमधल्या रमादीजवळच्या निर्वासितांच्या छावणीतला, कुटुंब कुर्दी. २००२ मध्ये अकरा वर्षांचा असताना तो आईवडिलांबरोबर लीट्रिममधल्या कॅरिक-ऑन-शॅनन गावी आला. भाषा येत नव्हती. शाळेत हर्ली हाती आली आणि ओळखी तिथून होत गेल्या. २०१९ मध्ये लॉरी मेहर करंडकाच्या अंतिम सामन्यात लीट्रिमचा संघ क्रोक पार्कवर जिंकला, त्यात मोरादी होता. वेक्सफर्डचा ली चिन मलेशियन चिनी वडिलांचा मुलगा, आणि काउंटीच्या हर्लिंग संघाचा कर्णधार झाला. बॅलाहाडरीन गावात वाढलेला, पाकिस्तानात जन्मलेला शैरोझ अक्रम २०१६ मध्ये मेयोच्या एकवीस वर्षांखालील विजयी फुटबॉल संघात होता. ही उदाहरणे ठळक म्हणून सांगायची. त्यांच्यामागे दर शाळेत अशी मुले आहेत, ज्यांची नावे वर्तमानपत्रात कधी येणार नाहीत.

मराठी वाचकाला यात आपलेही माणूस दिसेल. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. डिसेंबर २०१९ मध्ये लिओ त्या गावी येऊनही गेले. त्यांची प्राथमिक शाळा डब्लिनच्या ब्लँचर्ड्सटाउन उपनगरातली. या परिसरात आता भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि किआरन किल्केनीचा कॅसलनॉक क्लबही जवळच. २०२२ च्या आयरिश जनगणनेत भारतीय नागरिकांची संख्या ४५ हजारांच्या वर गेली. दवाखान्यांत, संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या या घरांतली मुले स्थानिक शाळेत जातात आणि एके दिवशी हेल्मेट मागत घरी येतात.

तरी सगळे आलबेल आहे असे नाही. २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या मुलांच्या शारीरिक हालचालींची मोठी पाहणी झाली. रोज किमान साठ मिनिटे हालचाल व्हावी, हा निकष प्राथमिक शाळेतली अवघी १७ टक्के मुले पूर्ण करत होती. इतके क्लब, इतके सामने, उन्हाळ्यात लाखाहून अधिक मुलांना सामावणारे कूल कॅम्प, आणि तरी हा आकडा. याचे एक कारण उघड आहे. गेलिक खेळांची यंत्रणा खेळाची आवड असलेल्या मुलाला छान सांभाळते. ज्याला चेंडूची भीती वाटते, ज्याच्या घरी गाडी नाही, ज्याच्या शाळेत खेळाची हौस असलेला शिक्षकच नाही, ते मूल बाहेर राहते. शिक्षकांच्या हौसेवर उभी असलेली व्यवस्था तितकीच पक्की, जितके त्या शाळेतले शिक्षक. घरभाडे परवडत नाही म्हणून डब्लिनच्या शाळांना शिक्षक मिळेनासे झाले आहेत, तेव्हा शाळा सुटल्यावरचा सराव कोण घेणार, हा प्रश्न क्रोक पार्कच्या तिकिटविक्रीपेक्षा मोठा आहे. शाळेच्या आठवड्यात खेळाला पुरेसा वेळ देणे आणि प्रत्येक शाळेला पावसात खेळता येईल असे छप्पर देणे ही सरकारची जबाबदारी आहे. ती हौशी शिक्षकांच्या खांद्यावर कायमची टाकता येणार नाही.

आयर्लंडमध्ये नव्याने राहायला गेलेल्या मराठी पालकांना एक सांगणे. मुलाने शाळेतून येऊन हर्ली मागितली तर घाबरून नको म्हणू नका आणि दुकानात जाऊन लांब काठीही घेऊ नका. आधी वर्गशिक्षकांना विचारा. योग्य माप ते सांगतील, पहिले काही आठवडे शाळेची काठी आणि हेल्मेट वापरता येईल का तेही कळेल, आणि जवळच्या क्लबमध्ये त्या वयाचा सराव कधी असतो याची माहितीही बहुधा त्यांच्याकडेच मिळेल. त्या सरावाला मुलाला सोडून परत फिरू नका, थांबा. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या इतर आईवडिलांशी ओळख व्हायला त्याहून चांगली जागा त्या देशात सापडणार नाही.